कुदळवाडीची तिजोरी

कंपन्यांनी टाकून दिलेला सर्व्हर घरी आणायचा आणि त्यात घरादाराचे फोटो, व्हिडिओ, आवाज जपून ठेवायचे. ऐकायला वेडेपणा वाटतो ना? चिखलीतल्या एका गल्लीत हा वेडेपणा साडेचार हजारांत मिळायचा.

वीकेंड जवळ आला की ऑफिसात एकच चर्चा. लोणावळा, पवना नाहीतर मुळशी. सोमवारी सगळ्यांच्या मोबाइलमध्ये तेच धबधबे, तीच मिसळ आणि तोच सूर्यास्त! माझी शनिवारची जागा मात्र काही महिने ठरलेली होती. चिखलीतली कुदळवाडी. तिथे धबधबा नव्हता. डोंगर होते, पण ते पुठ्ठ्यांचे, प्लास्टिकच्या पिंपांचे आणि लोखंडी चुऱ्याचे. फोटो काढावा असं तिथे आहे काय, असं कुणालाही वाटलं असतं. मलाही वाटलं. म्हणून मी तिथे फारसे फोटो काढलेच नाहीत. त्याचं आज वाईट का वाटतं, ते पुढे सांगतो.

'चिखली' म्हटलं की लोक पहिल्यांदा विचारतात, "बुलडाण्याची का?" नाही हो, पिंपरी-चिंचवडची. १९९७ मध्ये आजूबाजूच्या गावांबरोबर महापालिकेत आलेली. एका बाजूला टाटा मोटर्सचा मोटारींचा कारखाना, दुसऱ्या बाजूला तळवड्याचं आयटी पार्क आणि उत्तरेला इंद्रायणी. सकाळी साडेसहाला साने चौकात उभं राहा. फर्स्ट शिफ्टच्या बसेस, गळ्यात आयकार्ड अडकवलेली आयटीतली पोरं आणि दुधाच्या किटल्या लावलेल्या बाइक्स, सगळं एकाच सिग्नलला अडकलेलं दिसेल. गुरुवार हा आमच्या पट्ट्याचा रविवार. कारखान्यांना सुट्टी असते आणि दुरुस्तीच्या नावाखाली लाइटलाही. या गुरुवारचं आपल्या गोष्टीत पुढे काम आहे.

'टक्' असा आवाज

आमचं घर पूर्णानगरच्या बाजूला. आप्पा भोसरीत एका कारखान्यात टर्नर होते. दिवसभर लेथ आणि संध्याकाळी भजन. गावातल्या भजनी मंडळात ते टाळ वाजवायचे आणि पट्टी लागली की गायचेही. मी त्यांची भजनं मोबाइलवर रेकॉर्ड करायचो. फार काही ठरवून नाही, सहज, जाता-येता. मोबाइल भरला की सगळं कॉम्प्युटरवर आणि कॉम्प्युटर भरला की एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर. हा आपल्या सगळ्यांचाच फंडा असतो. आधी गुगल फोटोजवर फुकटात कितीही फोटो टाकता यायचे, तेव्हा आपण निश्चिंत होतो. १ जून २०२१ पासून ती मजा संपली आणि पंधरा जीबीचा हिशेब सुरू झाला. मग मीही शहाणपणा केला. ऑनलाइन होतं ते उतरवून घेतलं, डिस्कवर टाकलं आणि वरचं पुसून टाकलं. त्याच वर्षी आप्पा गेले.

२०२२ च्या दिवाळीत साफसफाई करताना ती डिस्क कपाटावरून खाली पडली. उंची जेमतेम पाच फूट. कॉम्प्युटरला लावली तर आतून 'टक्... टक्... टक्' असा आवाज. ज्यांनी हा आवाज ऐकलाय, त्यांच्या पोटात आत्ता गोळा आला असेल. हार्ड डिस्कमध्ये गोल तबकड्या गरगर फिरत असतात आणि त्यांच्या पृष्ठभागापासून केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतरावर एक नाजूक सुई तरंगत असते. ती सुई तबकडीला घासली की संपलं. डेटा रिकव्हरीवाल्याने पस्तीस हजार सांगितले आणि वर "गॅरंटी काही नाही" असंही. पैसे भरले. पंधरा दिवसांनी त्याने डिस्क परत दिली आणि मान हलवली. बेचाळीस रेकॉर्डिंग्ज, बहिणीच्या लग्नाचे फोटो, माझं कॉलेज, सगळं त्या एका काळ्या डबीत.

आई काही बोलली नाही. फक्त एकदा म्हणाली, "अरे, मग एकाच ठिकाणी कशाला ठेवलंस?"

किलोच्या भावाने कॉम्प्युटर

ऑफिसात आमच्या सिस्टिम्स टीममध्ये एक सीनियर आहेत. त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "पुन्हा डबी घेऊ नकोस. घरी सर्व्हर कर." मी हसलो. सर्व्हर म्हणजे लाखांचं प्रकरण. ते म्हणाले, "नवा लाखांचा. पाच-सात वर्षं झाली की कंपनी तो काढून टाकते. वॉरंटी संपते, वीज जास्त खातो, नवे मॉडेल येतात. पण मशीन खराब झालेलं नसतं. चोवीस तास, वर्षानुवर्षं चालावं म्हणून बनवलेलं असतं ते. तू चिखलीत राहतोस आणि मला विचारतोस?"

खरंच होतं. घरापासून स्कूटरवर दहा मिनिटांवर कुदळवाडी आणि मी तिथे आयुष्यात एकदा गेलो होतो, तेही चुकून.

२०२३ च्या मार्चमधला तो शनिवार. स्पाइन रोडवरून आत वळलं की डांबर संपायचं आणि पत्रा सुरू व्हायचा. पत्र्याच्या शेडला लागून शेड. एकात नुसत्या लाकडी पेट्या, ज्यातून चाकण-भोसरीच्या कारखान्यांत मशीनचे पार्ट येतात. दुसऱ्यात निळी पिंपं. तिसऱ्यात रबर. चौथ्यात एक माणूस उकिडवा बसून मोटारीच्या कॉइलमधून तांब्याची तार सोडवतोय, जणू मटार सोलतोय. आपल्या या औद्योगिक पट्ट्यात रोज जे उरतं, तुटतं, जुनं होतं, ते संध्याकाळपर्यंत टेम्पोत बसून इथे यायचं आणि इथे त्याचं नवं नाव ठरायचं. कुणी म्हणायचं कचरा, कुणी म्हणायचं माल.

कॉम्प्युटरवाली शेडं आतल्या बाजूला. एका शेडमध्ये एक वयस्कर चाचा होते. उत्तर प्रदेशातून तरुणपणी आलेले, मराठी छान बोलायचे, हिशेब मात्र हिंदीत. मी म्हटलं, "चाचा, सर्व्हर पाहिजे." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तोडने को या चलाने को?"

या एका प्रश्नात त्या बाजाराचं सगळं गणित होतं. तोडण्यासाठी घ्याल तर भाव किलोवर. लोखंडी पेटीचा वेगळा, तांब्याचा वेगळा, मदरबोर्डचा आणखी वेगळा, कारण त्याच्या टोकांवर सोन्याचा बारीकसा मुलामा असतो. चालवायला घ्याल तर भाव नगावर. एकच वस्तू, पण कुणाच्या हातात पडली यावर तिचं आयुष्य ठरायचं.

विमान घरात आलं!

पहिली चूक मी तिथेच केली. चपटा, लांबलचक, रॅकमध्ये बसवायचा सर्व्हर घेतला. दिसायला जाम भारी. पुढे डिस्कच्या आठ खोबणी, मागे दोन-दोन पॉवर सप्लाय. रिक्षावाल्याने विचारलं, "हार्मोनियम का?" घरी आणून बटण दाबलं आणि आईने किचनमधून धाव घेतली. अशा मशीनमध्ये बोटभर रुंदीचे पंखे असतात आणि ते मिनिटाला हजारो फेरे मारतात. डेटा सेंटरमध्ये कुणाला त्रास नाही, कारण तिथे माणसं झोपत नाहीत. आमच्या हॉलमध्ये मात्र सीरियलचे डायलॉग ऐकू येईनात. "हे विमान बाहेर काढ," आईने फर्मान काढलं.

वीज मोजायचं एक छोटं मीटर मिळतं, ते प्लगमध्ये लावलं. नुसता बसून १७० वॅट. चोवीस तास चालवला तर महिन्याला १२२ युनिट! म्हणजे स्वस्तात आणलेला हत्ती, चारा आपला.

पुढच्या शनिवारी चाचांकडे परत. त्यांनी हसत तो परत घेतला, दोनशे रुपये कापून. या वेळी उभ्या डब्याचा, टॉवर प्रकारचा सर्व्हर घेतला. लहान ऑफिसांत टेबलाखाली ठेवतात तसा. मोठा पंखा, त्यामुळे आवाज कमी. साडेचार हजार रुपये. घरी मोजला तर ६५ वॅट, महिन्याचे सत्तेचाळीस युनिट. हे परवडलं.

त्यात होतं काय? दहा वर्षांपूर्वीचा झिऑन प्रोसेसर आणि सोळा जीबी ईसीसी रॅम. हा ईसीसी शब्द लक्षात ठेवा. साध्या रॅममध्ये एखादा आकडा चुकून शून्याचा एक झाला तर कुणाला कळत नाही. ईसीसी रॅम ती चूक पकडते आणि तिथल्या तिथे दुरुस्त करते. आपल्या लॅपटॉपमध्ये ती सहसा नसते. सर्व्हरची बरीचशी जुनी रॅम घरच्या कॉम्प्युटरला बसतच नाही, म्हणून तिला गिऱ्हाईक नसतं. चाचांच्या शेडमध्ये अशा रॅमच्या पट्ट्या बिस्किटांसारख्या एका डब्यात पडलेल्या असायच्या. आणखी सोळा जीबी त्यांनी चहाच्या गप्पांत दिली.

आता अडचणी. डिस्क बसवायचे ट्रे गायब. कंपन्या डिस्क काढून घेतात आणि बरोबर ट्रेही जातात. ते आणि केबल मिळवायला बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या दोन वाऱ्या झाल्या. मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल मेलेला, त्यामुळे मशीनला वाटायचं अजून जुनंच साल चालू आहे. तो तीस रुपयांचा. आणि सर्वात छळलं ते रेड कार्डाने. जुन्या सर्व्हरमध्ये हे कार्ड सगळ्या डिस्क स्वतःच्या ताब्यात ठेवतं आणि आपल्या सॉफ्टवेअरला त्यांची खरी हालत दिसू देत नाही. उद्या ते कार्डच बिघडलं तर तसंच दुसरं शोधत फिरा. म्हणून ते काढून, डिस्क सरळ दाखवणारं साधं कार्ड बसवलं. ऑफिसातल्या सीनियरनी फोनवरून दोन रात्री शिकवणी घेतली.

डिस्क मात्र नव्या घेतल्या. चार टीबीच्या चार. सर्व्हरपेक्षा कितीतरी महाग पडल्या, पण इथे काटकसर नको. डबा भंगारातला चालेल, बोर्ड चालेल, रॅम चालेल. गोल फिरणारी वस्तू किती झिजलीये ते बाहेरून दिसत नाही. चार डिस्कच्या दोन जोड्या केल्या. जोडीतल्या दोघींवर तेच ते लिहिलं जातं. एक मेली तर दुसरी सांभाळते.

वर ट्रूनॅस नावाची फुकट मिळणारी सिस्टिम टाकली. तिचं जुनं नाव फ्रीनॅस, २००५ पासून चालत आलेली. तिच्या पोटात आहे झेडएफएस, मुळात सन मायक्रोसिस्टिम्सने मोठ्या कंपन्यांसाठी बनवलेली साठवणीची पद्धत. ती प्रत्येक तुकडा लिहिताना त्याची खूण नोंदवून ठेवते आणि वाचताना ताडून बघते. महिन्यातून एकदा सगळं धान्य उन्हात घालावं तसं सगळ्या डिस्क वाचून काढते. कीड दिसली तर जोडीदाराकडून चांगला दाणा आणून बसवते. आजीच्या कोठीघराचा नियम!

गुरुवारच्या लाइटसाठी एक यूपीएस घेतला. लिहिता लिहिता वीज गेली तर हाल होतात. यूपीएसमुळे सर्व्हरला शांतपणे बंद व्हायला पाच-दहा मिनिटं मिळतात. जिन्याखाली जागा केली. आठवड्याभराने बघतो तर आईने त्याच्यावर क्रोशाचं कव्हर घातलेलं, टीव्हीवर घालायची तसलंच. पंखा झाकला गेल्याने सर्व्हर तापून गरगरत होता. कव्हर काढलं. तडजोड म्हणून वर एक छोटा गणपती आला.

कुणाच्या तरी पगाराच्या स्लिपा

एक गोष्ट सांगायची राहिली. टॉवर सर्व्हरच्या आत, खालच्या कप्प्यात, दोन जुन्या डिस्क तशाच राहिल्या होत्या. कुणाच्या तरी नजरेतून सुटलेल्या. चालतात का बघावं म्हणून लावल्या आणि समोर फोल्डर उघडले. 'सॅलरी'. 'अप्रायझल'. 'मेडिक्लेम'. कुठल्या तरी कंपनीच्या एचआरचा अख्खा संसार.

मी पुढचं उघडलं नाही. पण दोन मिनिटं तसाच बसलो. हे जर माझ्या कंपनीचं असतं तर? कुणाला किती पगारवाढ मिळाली, कुणाच्या बायकोचं ऑपरेशन झालं, कुणाचा राजीनामा का घेतला, हे सगळं किलोच्या भावाने एका पत्र्याच्या शेडमध्ये पडलं होतं. दोन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यं लिहून पुसल्या. त्याला अख्खी रात्र लागली. नुसतं 'डिलीट' मारल्याने काही पुसलं जात नाही बरं का, फक्त अनुक्रमणिकेतलं पान फाटतं. मग ड्रिलने भोकं पाडून त्या चाचांना परत दिल्या. ते म्हणाले, "बेटा, सब ऐसेच आते है. हम देखते नहीं."

गंमत बघा. माझ्याकडे माझ्या वडिलांचा आवाज उरला नव्हता आणि परक्या माणसांच्या स्लिपा आयत्या हातात आल्या होत्या. ज्याचं जपायला हवं ते जातं आणि जे पुसायला हवं ते राहतं.

टाळगाव

सर्व्हर तयार झाला. आता त्यात ठेवायचं काय? साडेसात टीबीच्या आसपास जागा आणि घरात उरलेले फोटो तीस जीबी. रिकामा वाडा नुसता.

चिखलीचं जुनं नाव टाळगाव चिखली. लोक सांगतात, तुकोबा वैकुंठाला निघाले तेव्हा त्यांचे टाळ इथे पडले. देहू इथून जवळच, इंद्रायणीच्या वरच्या अंगाला. टाळाचा मान गावाने अजून सोडलेला नाही. महापालिकेचं संतपीठही याच गावात आहे. आप्पांच्या मंडळातल्या म्हाताऱ्यांना टाळाचं खोबणीतलं दोर कसं असावं यावर तासभर बोलता येतं.

सप्ताहाच्या दिवसांत मी देवळात गेलो होतो. काला झाल्यावर बुवांनी विचारलं, "काय रे, आप्पांची भजनं ऐकतोस का?" मी खाली मान घालून सगळं सांगितलं. डिस्क, पाच फूट, टक् टक्. बुवा थोडा वेळ गप्प राहिले. मग बाजूच्या तात्यांना म्हणाले, "तात्या, तुमच्याकडे असतील की." तात्यांनी धोतराच्या कनवटीतून मोबाइल काढला. स्क्रीनला तडा गेलेला. त्यांनी कुठेतरी खाली खाली सरकवलं आणि मोबाइल माझ्या कानाला लावला.

आप्पा होते. पट्टी थोडी चढलेली, मागे कुणाचं तरी खोकणं, टाळ.

मीच ती रेकॉर्डिंग्ज कधीतरी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली होती. टाकली आणि विसरलो. म्हाताऱ्यांनी पुसली नव्हती. पुसता येत नव्हती म्हणा हवं तर. पुढच्या महिनाभरात नऊ जणांच्या मोबाइलमधून एकोणीस रेकॉर्डिंग्ज मिळाली. बेचाळीसपैकी एकोणीस. आवाज थोडा चेपलेला, पण आवाज त्यांचाच.

बुवा तेव्हा एक बोलले. "गाथा बुडवली तेव्हा काय झालं, माहितीये ना?" आपल्याला शाळेपासून माहीत असतं. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या, ते तेरा दिवस काठावर बसून राहिले आणि वह्या कोरड्या वर आल्या. बुवा म्हणाले, "ती झाली श्रद्धेची गोष्ट. मी तीच मानतो. पण आमचे वडील आणखी एक सांगायचे. वह्या बुडल्या, पण अभंग लोकांच्या तोंडात होते. ज्याला जो येत होता त्याने तो म्हटला." आणि तुकोबांचे अभंग उतरवून घेणारे संताजी जगनाडे तर चाकणचेच, आपल्याच पट्ट्यातले. त्यांच्या हातच्या वह्यांमुळे कितीतरी अभंग आपल्यापर्यंत आले. आज देहूच्या गाथा मंदिरात चार हजारांहून जास्त अभंग भिंतींवर कोरलेत. म्हणजे कागद, पाठांतर आणि दगड, तीन वेगवेगळ्या जागा.

आमच्या आयटीच्या भाषेत याला म्हणतात 'तीन-दोन-एक'. पीटर क्रोघ नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने हा नियम लोकांपर्यंत नेला. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवा आणि एक घराबाहेर ठेवा. माझा सर्व्हर कितीही भारी असला, जोड्या कितीही पक्क्या असल्या, तरी तो एकाच जिन्याखाली आहे. आग लागली, पाणी शिरलं, चोर आला, तर चारही डिस्क एकदम जाणार. आणि मीच चुकून पुसलं तर दोन्ही जोडीदार आज्ञाधारकपणे एकदम पुसणार. म्हणून दर भाऊबीजेला मी नाशिकला बहिणीकडे एक हार्ड डिस्क घेऊन जातो आणि गेल्या वर्षीची परत आणतो. ती ओवाळते, मी ताटात डिस्क ठेवतो. "साडी कुठंय?" असं ती दर वर्षी विचारते.

आणि कुदळवाडी?

डिसेंबर २०२४ मध्ये कुदळवाडीत भंगाराच्या गोदामांना मोठी आग लागली. धूर लांबून दिसत होता. आगी तिथे नव्या नव्हत्या. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेचे बुलडोझर आले. आठवड्याभरात कुदळवाडी आणि पवार वस्तीच्या परिसरातली चार हजारांहून जास्त बांधकामं पाडली गेली. आठशेहून जास्त एकरांवरची. महापालिकेचं म्हणणं, ही अनधिकृत बांधकामं होती, सतत आगी लागत होत्या, धूर आणि घाण पाणी थांबत नव्हतं, आराखड्यातले रस्ते अडले होते. व्यापाऱ्यांचं आणि छोट्या उद्योजकांचं म्हणणं, वेळ द्यायला हवा होता, पर्यायी जागा द्यायला हवी होती.

मी दोन्ही बाजूंना थोडा थोडा आहे. रात्री वायरी जळल्याचा तो वास आमच्या खिडकीतही यायचा आणि आईचा खोकला वाढायचा. इंद्रायणीवरचा फेस मी आळंदीत पाहिलाय. जुन्या कॉम्प्युटरमधलं शिसं कुठे जायचं, कोण हाताळायचं, हा प्रश्न मी साडेचार हजार मोजताना चाचांना विचारला नव्हता. स्वस्त मिळत होतं, घेतलं. आणि तरीही, चालणारी वस्तू आणि तोडायची वस्तू यातला फरक ओळखणारी माणसं तिथे होती. तो फरक कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत.

पाडापाडीनंतर दोन महिन्यांनी गेलो होतो. स्पाइन रोडवरून आत वळलो आणि थांबलोच. एवढं आकाश तिथे मी कधी पाहिलं नव्हतं. विटांचे ढीग, वाकलेले पत्रे, एका जागी नुसता सिमेंटचा चौकोन, जिथे वजनकाटा होता. चाचांचं शेड नेमकं कुठे होतं, ते सांगता येईना. शेजारच्या लिंबाच्या झाडावरून अंदाज करावा तर झाडही नव्हतं. चाचांचा फोन लागला नाही. अजून लागलेला नाही.

घरी येऊन जिन्याखाली बसलो आणि सर्व्हरवर शोधलं. कुदळवाडीचे एकूण फोटो सात. त्यातले चार सर्व्हरच्या मागच्या स्क्रूचे. एका फोटोत मात्र कोपऱ्यात चाचांचा हात आलाय. हातात रॅमची पट्टी, मागे पत्र्याची भिंत, भिंतीवर खडूने लिहिलेले हिशेब. मी तो फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवला. त्याच रात्री बहिणीलाही पाठवला.

"हे कुणाचे हात?" तिने विचारलं.

मी सांगितलं. आता तिच्याकडेही आहे.

तुम्हाला करायचं असेल तर

काय घ्याल? टॉवर प्रकारचा सर्व्हर. रॅकचा चपटा सर्व्हर फ्लॅटमध्ये नको, आवाज आणि बिल दोन्ही सोसत नाही. घेण्याआधी समोर चालू करून बघा.

कुठून घ्याल? ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यानुसार जुन्या वस्तू दुरुस्त करून विकणाऱ्यांना आणि त्यांचं रीसायकलिंग करणाऱ्यांना नोंदणी करावी लागते. अशा नोंदणी असलेल्या विक्रेत्याकडून बिलासह घ्या. तुमच्या ऑफिसातच जुने सर्व्हर निघत असतील तर अ‍ॅडमिनला रीतसर विचारा.

डिस्क? नव्या. जोडीने. वर यूपीएस. आणि एक प्रत घराबाहेर, हे विसरू नका.

जुनं टाकताना? डिस्क पूर्ण पुसा, नाहीतर तुमची सॅलरी स्लिप कुणीतरी वाचेल.

चिखलीला कसं जाल? मेट्रोने पीसीएमसी स्टेशन, तिथून रिक्षा किंवा पीएमपी. निगडीहून स्पाइन रोडने थेट. टाळगावचं देऊळ बघा, मग नदीच्या कडेने देहू. आणि फोटो काढा. जिथे काही बघण्यासारखं नाही असं वाटेल, तिथे दोन जास्तच काढा.